ताठलेली रेशीमअळी : आकडीवरच्या एका चिनी औषधाचा प्रकरण अभ्यास

चिनी औषधांच्या दुकानात ‘ज्यांगत्सान’ मागितलं की समोर वाळलेल्या अळ्या येतात. दोन ते पाच सेंटीमीटर लांब, किंचित वाकड्या, सुरकुतलेल्या, अंगावर चुन्याची धूळ बसावी तशी पांढरी भुकटी. उलटी करून पाहिली तर खालच्या बाजूला आखूड पायांच्या आठ जोड्या दिसतात. बोटांत धरून मोडली की कट्‌कन तुटते. तुटलेल्या जागी कडेला पांढरं, आत काळपट तपकिरी, आणि त्या काळ्यात चार चकचकीत गोल. हे गोल म्हणजे अळीच्या रेशीमग्रंथी. धागा भरून तयार होता, पण कोष विणायला बसण्याआधीच अळी मेली. चीनची अधिकृत औषधसंहिता अस्सल माल ओळखायला याच चार गोलांकडे बघायला सांगते. वास थोडा कुजका, चव किंचित खारट.

‘ज्यांग’ म्हणजे ताठ पडलेला आणि ‘त्सान’ म्हणजे रेशमाचा किडा. त्याला ताठ करणारी बुरशी आहे बिव्हेरिया बॅसियाना. हे नाव आपल्याकडच्या शेतकऱ्याला परकं नाही. कृषी सेवा केंद्रातून तो तिची पाकिटं आणतो, फुलकिडे आणि पांढऱ्या माशीवर फवारतो. जालना-बीडकडचे रेशीम उत्पादक मात्र तिच्या नावाने सावध होतात. संगोपनगृहात दमटपणा वाढला आणि ही बुरशी शिरली, की तुतीचा पाला फस्त करणाऱ्या मोठ्या अळ्या खाणं सोडतात आणि मेल्यावर खडूसारख्या पांढऱ्या, कडक होतात. रेशीम उत्पादकासाठी हा ‘मस्कार्डिन’ रोग म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जाणं. चीनमध्ये मात्र अशा अळ्या औषध म्हणून विकल्या जातात, त्यासाठी मुद्दाम बुरशी टोचून वाढवल्याही जातात. आणि त्यांचा सर्वांत जुना उपयोग सांगितला आहे तो लहान मुलांच्या आकडीवर.

चिनी वैद्यकातल्या औषधी बुरशींचा विषय निघाला की बहुतेक जण लिंगझी या औषधी अळंबीबद्दल बोलतात. मी ही अळी मुद्दाम निवडली. इथे परंपरेचा दावा नेमका आकडीचाच आहे. प्रयोगशाळेत प्राण्यांवर परिणाम दिसलेला आहे. त्यामागचा रेणूही सांगितला गेला आहे. एखाद्या पारंपरिक औषधाकडून आपण आणखी काय मागतो? आणि तरीही, अपस्माराच्या रुग्णाला हे द्यावं का, या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते ‘नाही’ असंच येतं. ते तसं का, हे नीट उलगडून सांगावंसं वाटतं, कारण याच वाटेवर पुष्कळ औषधांबद्दल आपली फसगत होते.

दावा काय होता

चिनी औषधशास्त्राचा आद्य ग्रंथ मानला जाणाऱ्या शन्नोंगच्या संहितेत या अळीची नोंद आहे. लहान मुलांना दचकून येणारे झटके आणि त्यांचं रात्रीचं रडणं, यांवर ती द्यावी असं तिथे म्हटलं आहे. पुढच्या वैद्यांनी याची उपपत्ती ‘वाऱ्या’ने लावली. शरीरात वारा उसळला की अंग थरथरतं, डोळे फिरतात, हातपाय वळतात, आणि ही अळी तो वारा शमवते. मराठी माणसाला हे समजायला अडचण पडू नये. आपणही वात म्हणतो, धनुर्वात म्हणतो. चिनी भाषेतही धनुर्वाताचं नाव ‘जखमेतून शिरलेला वारा’ अशाच अर्थाचं आहे.

ली शिझनच्या १५९६ साली छापल्या गेलेल्या प्रचंड औषधकोशात एक छोटा उपाय दिला आहे. तान्ह्या बाळाचं तोंड आवळून गेलं, ओठ चंबूसारखे झाले, त्याला चोखता येईना, तर दोन ताठ अळ्यांची पूड मधात कालवून ओठांच्या आतून लावावी. हा तपशील लक्षात ठेवा. सगळ्या प्रकरणाची किल्ली मला याच दोन ओळींत सापडली.

अपस्मारासाठीचं सर्वांत प्रसिद्ध मिश्रण म्हणजे चंग ग्वोफंग या वैद्याने १७३२ मध्ये दिलेली ‘झटके आवरणारी गोळी’. तिच्यात ही अळी आहे. पाइन वृक्षाच्या मुळांवर वाढणारी फूलिंग ही बुरशी आहे. मध-बुरशीच्या जिवावर जगणारं, स्वतः पान न धरणारं थ्येनमा नावाचं ऑर्किड आहे. शिवाय विंचू, अंबर आणि हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं संयुग. एवढी सामग्री एका गोळीत असताना कुणाला बरं वाटलंच तर श्रेय अळीला द्यायचं की फूलिंगला, हे कसं ठरवणार? आणि हिंगूळ महिनोन्‌महिने पोटात गेल्यावर जे होईल त्याचं माप कुणाच्या पदरात घालणार?

बुरशी ओळखली कुणी

हा भाग थोडक्यात सांगतो, पण तो वगळवत नाही. इटलीतल्या लोदी गावच्या अगोस्तीनो बास्सी यांनी १८०७ पासून जवळजवळ पंचवीस वर्षं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला: रेशीमअळ्या चुन्यासारख्या होऊन मरतात त्या कशाने? १८३५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यामागे एक जिवंत बुरशी आहे आणि ती एका अळीवरून दुसरीवर जाते. सूक्ष्मजीवाने रोग होतो हे प्राण्यांच्या बाबतीत सिद्ध करणाऱ्या पहिल्या कामांपैकी हे एक. पाश्चर त्या वेळी अजून शाळकरी वयाचे होते. बुरशीच्या नावातलं ‘बॅसियाना’ ते बास्सींचंच.

ती मारते कशी, तेही बघण्यासारखं आहे. बीजाणू अळीच्या कातडीवर पडतो, रुजतो, विकरांच्या जोरावर कातडी भोकसून आत शिरतो आणि अळीच्या रक्तद्रवात वाढतो. कातडी पोखरण्याच्या कामात बुरशी ऑक्झॅलिक आम्लही स्रवते. या आम्लाकडे आता वळू.

उंदीर आणि काजरा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी संशोधकांनी या अळीचा काढा प्रयोगशाळेत नेला. त्याच सुमाराला ‘ज्यांगयोंग’ नावाचा स्वस्त पर्यायही पुढे आला. त्यात अख्खी अळी मारण्याऐवजी रेशमाच्या कोषातल्या प्युपावर, म्हणजे रेशीमउद्योगात अशीही उरणाऱ्या मालावर, हीच बुरशी वाढवायची. दोन्हींचे काढे उंदरांना पाजले आणि मग स्ट्रिकनीन देऊन झटके आणले. काढा घेतलेल्या उंदरांना झटक्यांपासून काही प्रमाणात संरक्षण मिळालं. कोणता घटक हे करतो याचा शोध घेतला तेव्हा बोट एका अगदी साध्या क्षाराकडे गेलं: अमोनियम ऑक्झलेट. तो काढून टाकला की काढ्याचा परिणामही नाहीसा होतो, असं चिनी औषधशास्त्राची पाठ्यपुस्तकं सांगतात.

वाचणाऱ्याला वाटतं, झालं! दोन हजार वर्षांचा अनुभव खरा ठरला, घटकही सापडला.

पण स्ट्रिकनीनपाशी जरा थांबायला हवं. हे विष काजऱ्याच्या बियांतलं. कोकण-गोव्यात काजऱ्याचं झाड पुष्कळांनी पाहिलेलं असतं, त्याच्या बटणासारख्या चपट्या बिया आयुर्वेदात कुचला म्हणून शुद्ध करून वापरतात. स्ट्रिकनीनचं काम चालतं मुख्यतः मज्जारज्जूत. तिथे स्नायूंना ‘आता पुरे’ सांगणारा एक रासायनिक लगाम असतो, ग्लायसीन नावाचा. स्ट्रिकनीन त्या ग्लायसीनच्या बसायच्या जागाच अडवतं. लगाम सुटतो, आणि नुसता आवाज झाला, कुणी हात लावला, तरी अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात, पाठ कमानीसारखी होते. शुद्ध मात्र शाबूत असते. विष घेतलेल्या माणसाला सगळं समजत असतं, हेच त्यातलं भयंकर.

अपस्माराचा झटका मेंदूत उठतो. तिथल्या पेशींचे समूह एकाच वेळी, एकाच तालावर विद्युत्‌स्पंदनं सोडू लागतात. सर्वांगाला झटके येणाऱ्या प्रकारात शुद्ध हरपते. बाहेरून दोन्ही दृश्यं ‘अंग ताठलं, हातपाय झाडले’ अशीच दिसतात. आत मात्र घडण्याची जागा वेगळी, बिघडलेला लगाम वेगळा. म्हणून अपस्मारावरच्या औषधांची प्राथमिक चाळणी स्ट्रिकनीनवर करत नाहीत. उंदराला विजेचा मोजका धक्का द्यायचा किंवा पीटीझेड नावाचं रसायन द्यायचं, या चाचण्या त्यासाठी रूढ आहेत. १९३८ मध्ये मेरिट आणि पटनम या संशोधकांनी फेनिटॉइन हे अपस्मारावरचं औषध पुढे आणलं तेही विजेच्या धक्क्याच्या चाचणीतूनच.

आणखी एक खटकणारी बाब. ऑक्झलेट रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं आणि कॅल्शियम फार उतरलं तर त्यानेच स्नायूंना पेटके येतात, झटके येतात. झटके रोखणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं, तो क्षार जास्त मात्रेत झटके आणू शकणाऱ्या कुळातला आहे. मात्रेचा हिशेब किती जपून मांडावा लागेल, ते यावरून कळतं.

मग जुने वैद्य चुकले होते का?

मला तसं वाटत नाही. त्या मधाच्या उपायाकडे परत जाऊ. तोंड आवळलेलं, चोखू न शकणारं तान्हं बाळ हे वर्णन कोणत्या रोगाचं आहे? कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगेल: नवजात अर्भकाचा धनुर्वात. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली, तिला माती-शेण लागलं, की पहिल्या काही दिवसांत बाळ आधी दूध ओढायचं थांबतं, मग जबडा धरतो, मग अंग धनुष्यासारखं होतं. चिनी वैद्य याला ‘बेंबीचा वारा’ म्हणत. धनुर्वातावरच्या एका प्रसिद्ध चिनी मिश्रणातही थ्येनमा आणि विंचवासोबत ही ताठ अळी आहेच.

आता धनुर्वाताचं विष काय करतं? ते जखमेतून नसांच्या वाटेने मज्जारज्जूत पोचतं आणि तिथे ग्लायसीन व गाबा (असाच दुसरा रासायनिक लगाम) बाहेर सोडण्याची प्रक्रियाच बंद पाडतं. स्ट्रिकनीन लगामाचं खालचं टोक धरून बसतं, धनुर्वाताचं विष वरचं. लगाम तोच. म्हणजे उंदरांवरचा तो प्रयोग अपस्माराचा म्हणून वाचला जातो, पण तो खरं तर धनुर्वाताच्या जवळचा आहे. ज्या काळात ‘लहान मुलांचे झटके’ या एका शब्दात धनुर्वात, तापातली आकडी, मेंदूज्वर आणि अपस्मार सगळंच कोंबलेलं होतं, त्या काळातल्या वैद्यांना या अळीचा थोडाफार उपयोग दिसला असेल, तर तो बहुधा या कप्प्यातला असावा. हे माझं अनुमान आहे, पण मला ते पटतं. हेही बोलून टाकतो की धनुर्वात झालेल्या बाळांना अळीने वाचवलं असं मी म्हणत नाही. त्यांना वाचवलं ते आईला गरोदरपणी दिलेल्या लसीने आणि स्वच्छ ब्लेडने. नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केलं ते चीनच्या बाबतीत २०१२ मध्ये आणि भारताच्या बाबतीत २०१५ मध्ये.

दुसरा कप्पा तापातल्या आकडीचा. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना कधी ना कधी ती येते. घरात एकच कल्लोळ होतो, ‘ताप डोक्यात गेला’ म्हणून आजी देवाला हाका मारते. बहुतेक वेळा काही मिनिटांत आकडी आपोआप थांबते, आणि बहुतेक मुलांचा हा त्रास मोठेपणी राहत नाही. अशा आजारात जे कुणी, जे काही देईल त्याला यश येणारच. आपल्याकडे फिट आलेल्याच्या नाकाशी कांदा धरतात, चप्पल हुंगवतात. दोन मिनिटांत फिट थांबते, आणि श्रेय कांद्याला जातं. जो झटका थांबणारच होता त्यावर ताठ अळी दिली काय किंवा कांदा धरला काय, घरच्यांच्या आठवणीत तो उपाय कोरला जातो आणि पुढच्या पिढीकडे जातो. शन्नोंगच्या संहितेतलं ‘दचकून येणारे झटके’ वाचताना मला तो कांदाच दिसतो.

माणसांवरचा पुरावा

अलीकडे चिनी प्रयोगशाळांनी अळीतल्या प्रथिनयुक्त अर्काकडे लक्ष वळवलं आहे, आणि त्याची उंदरांवर योग्य त्या चाचण्यांमध्ये तपासणीही केली आहे. ही दिशा मला बरोबर वाटते. अशा अर्काचं काम मात्र अजून उंदरांपाशी आहे.

बुरशींपैकी माणसांपर्यंत आलेलं उदाहरण लिंगझीच्या बीजाणूंच्या भुकटीचं. २०१८ मध्ये अपस्माराच्या १८ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला सरासरी ३.१ झटके यायचे ते २.४ वर आले. प्रत्येक झटक्याचा कालावधी घटला नाही, जीवनमानात ठळक फरक पडला नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता. अपस्माराचे झटके मुळातच लाटांसारखे कमी-जास्त होतात आणि माणूस उपचाराला जातो तो लाट वर असताना. त्यामुळे तुलनेच्या गटाशिवाय ३.१ चे २.४ होणं याला मी पुरावा मानत नाही. चौकशी पुढे न्यायला ते पुरेसं कारण आहे, एवढंच.

अपस्मारावरच्या एकूण चिनी पारंपरिक औषधांचा, उपचारांचे पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा २००९ मध्ये निघाला. त्यात ५ चाचण्या, १,१२५ रुग्ण. चाचण्यांचा दर्जा कमकुवत, आणि निष्कर्ष असा की शिफारस करण्याइतका पुरावा नाही.

याच्या शेजारी, त्याच देशातला, दुसरा आकडा ठेवतो. चीनच्या ग्रामीण भागात अपस्माराच्या २,४५५ रुग्णांना फेनोबार्बिटल ही झटक्यांवरची साधी, जुनी गोळी दिली, तीही गावपातळीवरच्या डॉक्टरांकरवी. वर्षभर उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांचे झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले, आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे झटके पूर्ण थांबले. हे निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. फेनोबार्बिटल १९१२ पासून वापरात आहे, आपल्याकडे ती गार्डिनल म्हणून पुष्कळांना माहीत आहे. तिने सुस्ती येते, काही मुलं चिडचिडी होतात, तिच्याहून सोयीची औषधं आता आहेत. तरीही ही स्वस्त गोळी रोज, न चुकता, मिळाली एवढ्यानेच इतका फरक पडला. खेड्यातल्या अनेकांपर्यंत तोवर ती पोचलेलीच नव्हती, ही गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते.

अळी अगदी निरुपद्रवी आहे का

नाही. अमोनियम ऑक्झलेटमधून शरीरात अमोनिया सुटू शकतो, म्हणून यकृत खालावून मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णांना ती देऊ नये, असा इशारा चिनी लेखनातच मिळतो. ऑक्झलेटचा भार मूत्रपिंडावर येतो. कीटकांच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. शिवाय मेलेली, ओलसर अळी म्हणजे इतर बुरशींनाही मेजवानीच. म्हणून चीनच्या औषधसंहितेने या मालावर अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाची मर्यादा घातली आहे: किलोमागे बी-१ पाच मायक्रोग्रॅमच्या आत आणि चार प्रकार मिळून दहाच्या आत. संहितेने एवढी काळजी घेतली याचं मला कौतुक वाटतं. पण आंतरजालावरून मागवलेल्या पुडीवर ही तपासणी झाली होती की नाही, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

खरा धोका पुडीत आहे त्यापेक्षा पुडीपायी जे सुटतं त्यात अधिक. नैसर्गिक औषध सुरू केलं म्हणून चालू गोळी अचानक बंद केली, की झटक्यामागून झटका येत राहतो, मधे शुद्धच येत नाही, अशी जिवावर बेतणारी अवस्था ओढवू शकते. उलटा प्रकारही घडतो. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून दिलेल्या पुडीत गुपचूप फेनोबार्बिटल मिसळलेली निघते. असे प्रकार चीनमध्ये आणि भारतातही उघडकीला आले आहेत. तिथे औषध खरंच लागू पडतं, पण आपण काय आणि किती घेतोय हे रुग्णालाही ठाऊक नसतं. पुडी संपली, प्रवासात राहिली, की अचानक गोळी थांबवल्यासारखंच होतं.

पुढचं काम

संशोधकांनी काय करावं, याबद्दल माझी एक साधी मागणी आहे. निरोगी अळी, बुरशीने मेलेली अळी आणि निव्वळ बुरशी, असे तिन्हींचे अर्क, ऑक्झलेट ठेवून आणि काढून, पीटीझेड व विजेच्या चाचणीत एकाच प्रयोगात शेजारी-शेजारी ठेवावेत. गुण किड्याचा, बुरशीचा, की दोघांच्या झटापटीतून तयार झालेल्या एखाद्या तिसऱ्याच द्रव्याचा, हे त्याशिवाय सांगता येणार नाही. शक्यता खरीखुरी आहे. बुरशी कीटकाच्या मज्जासंस्थेशी आणि प्रतिकारशक्तीशी कोट्यवधी वर्षं झुंजत आली आहे, त्या झुंजीत कामाचे रेणू घडले असतील तर मला नवल वाटणार नाही.

दवाखान्यात मात्र वेगळं काम आहे. तिथे झटक्यांची वही घेऊन आलेल्या आईला आधी विचारावं लागतं, “ताई, गोळीशिवाय आणखी काय देता?” हा प्रश्न आवाज न चढवता विचारायचा, कारण एकदा रागावलं की पुढच्या वेळी ती सांगणार नाही. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेला तर रुग्णालय गाठायचं, हे तिच्याकडून एकदा वदवून घ्यायचं. चालू गोळी विचारल्याशिवाय थांबवायची नाही, हेही. आणि कुणी परदेशातून आणून दिलेली, घरात ठेवलेली पुडी असेल, तर ती टाकून न देता पुढच्या खेपेला सोबत घेऊन यायला सांगायचं.